नायट्रोजनच्या डब्यातली बाटली

"ताई, जरा मागं सरा. धूर येतो," असं म्हणत त्या माणसानं टेबलावरच्या डब्याचं बूच उपसलं. पांढराशुभ्र धूर डब्याच्या तोंडातून ओघळला आणि टेबलावरून खाली थेट माझ्या चपलांवर आला.

मी किंचाळले नाही, एवढंच. विट्यातल्या डॉ. आगाश्यांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागून मला आठ महिने झाले होते. तपासायच्या वस्तू लोक कशाकशातून आणतात ते मी तेवढ्या काळात पाहिलं होतं. काजळाची डबी, खोकल्याच्या औषधाची बाटली, एकदा तर चक्क देवघरातला गडू. पण धूर सोडणारा डबा पहिल्यांदाच आला होता.

त्यानं लांब चिमट्यानं आतून एक बोटभर प्लॅस्टिकची बाटली वर काढली. तिच्यावर बर्फाची साय धरली होती.

"कोमट पाणी द्या वाटीत. मी इतळवून देतो," तो म्हणाला.

"अहो, पण आहे काय हे?"

त्यानं मान खाली घातली आणि खिशातली चिठ्ठी पुढे केली. हणमंत सरगर, वय चौतीस. वीर्य तपासणी.

ही अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते, सांगलीहून लॅबचा कोर्स करून आले होते, आणि शुक्राणू या विषयातलं तालुक्यात मला कळतं तेवढं कुणाला कळत नाही अशी माझी पक्की समजूत होती. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, तो मी आठ महिने अखंड करत होते.

सरगर पशुधन पर्यवेक्षक होते. कृष्णाकाठच्या एका गावात सरकारी दवाखान्यात गाईम्हशींना कृत्रिम रेतन करायचं त्यांचं काम. गावाकडे त्याला कांडी भरणं म्हणतात. जातिवंत वळूचं बीज बारीक कांड्यांत भरून या नायट्रोजनच्या डब्यात गोठवून ठेवायचं आणि गाय माजावर आली की कांडी वितळवून भरायची. बारा वर्षांत त्यांच्या हातून हजारभर वासरं झाली होती. स्वतःच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि घरात पाळणा नव्हता.

आता या माणसानं काय केलं असेल ते माझ्या लक्षात आलं आणि मला हसू आवरेना. वळूचं ठेवतात तसं यानं स्वतःचंही गोठवून आणलं होतं!

बाटलीतला बर्फ वितळला. मी थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. डोकी होती, शेपट्या होत्या, संख्याही भरपूर होती. पण एक हलेल तर शपथ. कित्येकांच्या शेपट्या विंचवाच्या नांगीसारख्या वळून गेल्या होत्या. थंडीचा तडाखा बसला की असं होतं.

"सगळे मेलेत," मी म्हणाले.

"मेलेत न्हवं?" त्यांनी मान वर केली. "मग तसं लिहून द्या."

"अहो दादा, तुमचे मेलेत असं नाही. तुम्ही मारलेत!" आणि मग मला चेवच आला. माणसाचा नमुना कसा आणायचा, अंगाच्या उबेला धरून, तासाच्या आत. गोठवलं की आतल्या पाण्याचे स्फटिक होऊन पेशी कशा फाटतात. वळूच्या बिजाला आधी काय काय मिसळतात म्हणून ते टिकतं. सगळं मी त्यांना पंधरा मिनिटं उभं करून ऐकवलं. ते शाळेतल्या पोरासारखे हात बांधून ऐकत होते.

"बलक घालत्यात," मध्येच ते पुटपुटले.

"काय?"

"काय न्हाय. सांगा तुमी."

मी सांगून दमल्यावर ते म्हणाले, "ताई, तुमी बघितलं तेवढं लिहून द्या. लई उपकार हुतील."

"नाही. चुकीच्या नमुन्यावर मी रिपोर्ट देत नाही. तीन दिवस थांबून शनिवारी या. मागच्या खोलीत सोय आहे, नमुना इथेच द्यायचा. मग दोन्हीचं काय ते बघू."

त्यांचा चेहरा असा पडला की मला नवल वाटलं. बिचारा लाजतोय, मी मनाशी म्हटलं. डब्याला बूच लावून ते निमूट राजदूत फटफटीवर बसले आणि गेले.

शनिवारी ते येतील असं मला वाटलं नव्हतं, पण आले. या वेळी डबा नव्हता. मागच्या खोलीतून बाहेर आले तेव्हा त्यांनी बाटली माझ्या टेबलावर ठेवली आणि लगेच खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

ताजा नमुना सुरुवातीला घट्ट असतो. तो पातळ व्हायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास आम्हा दोघांना एकाच खोलीत काढायचा होता, आणि बाहेरच्या बाकावर गर्दी असल्यामुळे त्यांना बाहेरही जाववेना.

"ताई, एक इचारू का?" बऱ्याच वेळानं ते खिडकीशीच बोलल्यासारखे बोलले. "गाईचं इचारतो."

"विचारा की."

"समजा, एखादी गाय हाय. अंगानं चांगली, रोग न्हाय, राई न्हाय. पर माज दिसून येत न्हाय. आता आमच्याकडच्या गाई हंबारत्यात, दावं तोडत्यात. सकाळी माज दिसला की सांजच्याला कांडी भरायची, सांजच्याला दिसला की सकाळी. पर जिचं काय दिसतच न्हाय, तिला कवा भरायची?"

गाय कोण ते मला कळलं. माझे कान तापले. पण त्यांनी एवढं अंतर राखून विचारलं होतं की उत्तरही त्याच गोठ्यातून देणं भाग होतं.

"तुमचा तो... गाईचा मालक, घरी किती दिवस असतो?"

"मालक व्हय? नोकरी लांब हाय त्येची. म्हैन्यातनं दोन दिस घरी. अमावस्येला. बिरोबाची पालखी असती, तवा रजा काढतो."

"आणि एरवी गाय कुठं असते?"

"सासूपाशी," ते म्हणाले, आणि जीभ चावली.

मी हसले. मग तेही हसले, आणि त्यानंतर गाईचं सोंग मलाच पुढे रेटता येईना. "अहो, मग दोष कुणाचा शोधताय तुम्ही? बाईचं बीज महिन्यातून एकदा सुटतं आणि जेमतेम एक दिवस टिकतं. पुढच्या पाळीच्या आधी साधारण चौदाव्या दिवशी. पुरुषाचं आत तीनचार दिवस तग धरतं, म्हणून तरी बरं. पण महिन्यातले दोनच दिवस, आणि तेही देवाच्या तिथीला! कोट्यवधी निघतात, बिजापर्यंत पोचतात शेकड्यांनी, आत शिरतो एकच. त्या एकाला वेळेवर पोचायला नको का? मालकानं गाय आपल्या गोठ्यात न्यावी."

"सासू सोडत न्हाय. म्हंती, मूल न्हाय बाळ न्हाय, नवऱ्यामागं हिंडून काय करणार? हितं मेंढरं कोण बघणार?"

अर्धा तास झाला होता. मी काचपट्टी लावली, काच फिरवून नजर बसवली आणि माझ्या तोंडून "अरे वा!" निघून गेलं. सगळं शेत हलत होतं. सरळ रेषेत, तरतरीत, एकमेकांना ढुशा देत निघाले होते नुसते.

"दादा, या, बघा! तुम्हाला तर ओळखता येईल."

त्यांनी डोळा लावला. बारा वर्षं बैलांचं पाहिलेला माणूस तो, एका नजरेत समजले. बराच वेळ वर उठलेच नाहीत. उठले तेव्हा डोळे भरले होते. आनंदानं भरले असतील असं वाटून मीही भारावले आणि झरझर रिपोर्ट लिहायला घेतला.

"ताई," ते म्हणाले, "ह्यो कागद घरी नेला तर उद्या माझं लगीन ठरतंय."

माझं पेन थांबलं.

"उद्या चिंचाळ्याला पोरगी बघाया जायचंय. आई म्हंती, कौसाला टाकायचं न्हाय, ऱ्हाऊ दे घरात, पर दुसरी आणू. मी म्हणलं सरकारी नोकरी जाईल. तर म्हंती नोकरीनं वंस चालतो का? अकरा वर्सं कौसा खाली मान घालून सगळं ऐकती. आता मी चांगला हाय असा कागद आला, की खोट कुणात ऱ्हायली?"

"तिच्यातही नसेल! आत्ताच सांगितलं ना मी, दिवसांचा मेळच—"

"ते तुमाला पटतंय, मला पटतंय. आईला न्हाय पटायचं. तिला कागद लागतो." त्यांनी हात जोडले. "बुधवारचा द्या. मेलेल्यांचा."

म्हणजे बुधवारी झालेली चूक या माणसाला आता उपयोगी पडणार होती. स्वतःला वांझोटा म्हणवून घ्यायला तो माझ्यापुढे हात जोडून उभा होता. बाहेर बायका नवऱ्यांचं नाव राखायला काय काय गिळतात ते मी लहानपणापासून पाहिलं होतं. उलटं मी कधी पाहिलं नव्हतं.

मी उठून डॉक्टरांकडे गेले. आगाशे म्हातारे होते, जुन्या वळणाचे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जे पाहिलंस तेच लिही. आणलेला नमुना गोठलेला होता, त्यात जिवंत एकही नाही. यात खोटं अक्षर कुठलं? फक्त इंग्रजीत लिही, म्हणजे 'गोठलेला' कुणाच्या ध्यानात यायचं नाही."

मी लिहिलं. सरगरांनी तो कागद चार घड्या घालून वरच्या खिशात ठेवला. दुसरा मी पुढे केला तर म्हणाले, "ह्यो तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. आन् ताई, कुणाला बोलू नगा."

"नाही बोलणार," मी शब्द दिला. शनिवारचा रिपोर्ट मी माझ्या खणात, सुयांच्या डब्याखाली ठेवून दिला.

पुढची बातमी मला तुटक तुटक कळली. त्यांच्याच गावचा एक जण रक्त तपासायला आला होता, तो म्हणाला की हणमंत डॉक्टरांचं दुसरं लग्न मोडलं, म्हातारीनं आठ दिवस अन्न सोडलं होतं, आणि मग स्वतःच सुनेला म्हणाली, जा, त्याच्यापाशी ऱ्हा, त्याला औषधपाणी कर. मला फार बरं वाटलं. चला, गाय गोठ्यात गेली.

आणि दीड वर्षानं एके सकाळी लॅब उघडते तर पायरीवर एक म्हातारी बसलेली. काळं इरकल, हातात काठी, कमरेला चंची. पहाटेच्या एसटीनं आटपाडीहून आली होती.

"रगत तपासणारी मालती तूच का?"

"हो. काय झालं आजी?"

तिनं चंचीतून चार घड्यांचा कागद काढला. घड्यांवर फाटत आलेला. मी ओळखला आणि माझ्या हातातली किल्ली पडली.

"मी हणमाची आई. ठकुबाई." तिनं मागेपुढे पाहिलं. "कौसाला चौथा म्हैना हाय."

खरं तर मला आनंदानं ओरडायचं होतं. पण म्हातारीचा चेहरा पाहून मी आवरलं.

"मास्तराकडनं हे वाचून घेतलं तवा त्यो म्हणला हुता, एक बी जित्ता न्हाय. आता सारी वाडी त्ये आठवती. त्वांडावर कुणी बोलत न्हाय, पर मी गेले की गप हुत्यात." तिनं काठी दोन्ही हातांनी धरली. "घरात मी एका सबदानं बोलले न्हाय. ना त्याला, ना तिला. आदी तुज्याकडं आले. पोरी, बिरोबाची आन हाय तुला. कागद खरा, का सून खरी?"

मी दिलेला शब्द मला आठवत होता. पण तो शब्द ज्या बाईला वाचवायला दिला होता तीच आता बुडत होती. मी तिला आत नेऊन बसवलं, खण उघडला, सुयांचा डबा बाजूला केला आणि शनिवारचा रिपोर्ट काढला.

"सून खरी, आजी. कागदही खरा. पण हा दुसराही खरा. तीन दिवसांनी मी पुन्हा तपासलं होतं. तुमचा मुलगा चांगला आहे, चांगला होता. तेव्हा दोघांच्या दिवसांचा मेळ बसत नव्हता, आता एकत्र राहतात, बसला. दुसरं काही नाही."

तिनं दोन्ही कागद मांडीवर ठेवले. वाचता येत नव्हतं तरी एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहत राहिली. मग पदरानं तोंड पुसलं.

"मग ह्यात मेलेत असं का लिवलं?"

"त्यांनी पहिल्यांदा चुकून नायट्रोजनमध्ये गोठवून आणलं होतं. वळूचं ठेवतात ना, तसं. त्यांना माहीत नव्हतं की—"

"चुकून?"

म्हातारी माझ्याकडे बघत राहिली आणि एकदम हसायला लागली. पुढचे दोनच दात, पण हसू पोटातलं.

"अगं बया! नोकरी लागली तवा ट्रेनिंगास्नं आला आन् आमास्नी बसवून सगळं सांगितलं हुतं त्यानं. अंड्याचा बलक घालत्यात, आनी कायबाय औशीद घालत्यात, त्याबिगार गोठवलं की बीज मरतंय. माज्या कोंबडीची चार अंडी फोडून दावली हुती मेल्यानं! बारा वर्सं त्योच धंदा करतोय, आन् त्याला म्हाईत न्हवतं व्हय?"

बलक घालत्यात. ते पुटपुटणं माझ्या कानात जसंच्या तसं वाजलं. मी त्या माणसाला पंधरा मिनिटं उभं करून त्याचाच धंदा शिकवला होता. त्याचा पडलेला चेहरा लाजेचा नव्हता. एवढा विचार करून मारून आणलेले शुक्राणू एका शहाण्या पोरीनं नाकारले म्हणून तो पडला होता.

ठकुबाईचं हसू ओसरलं. "म्हंजी पोरानं मला फसवलं."

"राग आला, आजी?"

"आला तर." तिनं टेबलावरून नजर फिरवली. मग म्हणाली, "ते तू कशात बघतीस? मला बी दाव."

लॅब उघडल्या उघडल्या आलेला एक नमुना एव्हाना पातळ होऊन टेबलावर तयार होता. कुणाचा ते सांगायचं कारण नव्हतं. मी तिला स्टुलावर बसवलं, तिचा एक डोळा हातानं झाकला आणि काच फिरवली.

"अगं आई गं! पाण्यावर निघालेली मेंढरंच की ही."

"हो."

"ह्यातली किती लागत्यात पोराला?"

"एकच. एक आत शिरला की बाईचं बीज कवच घट्ट करून घेतं. बाकीचे बाहेर."

"आन् येवढ्यातला एक बी न्हाय पोचला, तर खोट बाईचीच?"

मी तिच्यासाठी काच अजून थोडी फिरवली. ती डोळा न काढता म्हणाली, "कळपात मेंढ्या फळंनात, तर आमी आदी मेंढा बदलतो गं. मेंढीला कोण बोलत न्हाय. हे मला ठावं हुतं. घरात मातर अकरा वर्सं इसरले."

उठताना तिनं दोन्ही कागद उचलले.

"आजी, जुना राहू द्या. तो आता कशाला?"

"दोनी दे. एक वाडीला दावाया, एक माज्यासाठी." कुठला कुठला ते कळावं म्हणून तिनं चंचीतली चुन्याची डबी उघडली आणि बुधवारच्या कागदावर, मी माझ्या ठळक अक्षरात जिवंत एकही नाही असं लिहिलं होतं तिथे, चुन्याचं बोट उठवलं. "सुनंला कवा वाकडं बोलाया लागले, तर ह्यो माजा मला दिसाया पायजे."

मुलगी झाली. सरगर स्वतः पेढे घेऊन आले, राजदूतवरून. पेढ्यांच्या पुड्याबरोबर एक डबाही होता, भुसा भरलेला. उघडला तर आत डझनभर गावरान अंडी.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खिडकीकडे बघत होते.

"दादा, तुम्हाला सगळं ठाऊक होतं. मग त्या दिवशी मला अडवलं का नाहीत?"

"तुमी येवढं जीव तोडून शिकवत हुता, ताई," ते म्हणाले. "मधी बोलणं बरं दिसलं असतं का?"